खुर्च्या लाव, पण यादीही तुझ्याकडे घे

कामाच्या वाटा : वाचकांची पत्रं

या महिन्याच्या टपालात सामाजिक संस्थांतल्या इंटर्नशिपबद्दल चार पत्रं एकदम निघाली. संस्थांचे कार्यक्रम आणि जनसंपर्क याच कामात माझी नोकरी झाली, अजूनही कुणी हाक मारली की जाते. त्यामुळे पगारवाढीची आणि नोकरीबदलाची पत्रं पुढच्या अंकावर ढकलून आज एवढंच.

ताई, मी मूळची बार्शीची. पुण्यात जनसंज्ञापनात एम.ए. करते. चार क्रेडिटची ओजेटी (अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) करायची आहे आणि दोन ठिकाणांहून होकार आलाय. एक मुंबईतली मोठी, सगळ्यांना नावानं माहीत असलेली संस्था. पद ‘इव्हेंट्स अँड कम्युनिकेशन्स इंटर्न’, डिसेंबर ते फेब्रुवारी, मानधन नाही, लोकलचा पास आणि दुपारचं जेवण. राहायला डोंबिवलीला मामा आहेत. दुसरी पुण्यातलीच छोटी संस्था, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची कार्यशाळा चालवते. ऑफिसात पाच माणसं, महिना चार हजार. जानेवारीत त्यांचा देणगीदार मेळावा असतो. मैत्रिणी म्हणतात, मोठं नाव घे. घरचे म्हणतात, कुठेही गेलीस तरी खुर्च्याच लावणार. खरंच तसं असतं का? नेमकं काम काय असतं?
— एक विद्यार्थिनी, पुणे

घरचे म्हणतात ते खरं आहे. खुर्च्या लावाव्या लागतात. संस्थेत कार्यक्रमाच्या दिवशी विश्वस्तसुद्धा खुर्च्या उचलतात, आणि न उचलणारे विश्वस्त कोण हे ऑफिसातल्या सगळ्यांना पाठ असतं. तू फक्त एवढं बघ, की खुर्च्या किती लावायच्या हे ठरलं तेव्हा तू तिथे होतीस का.

मोठ्या संस्थेत बहुतेक नसशील. तिथे देणग्या आणणारा विभाग वेगळा, कंपन्यांशी बोलणारे वेगळे, समाजमाध्यमं बाहेरच्या एजन्सीकडे. हिवाळ्यात मुंबई म्हणजे तुझ्या वाट्याला मॅरेथॉन येण्याची शक्यता मोठी. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची ही शर्यत २००४ साली सुरू झाली. देणग्यांची बाजू युनायटेड वे मुंबई ही संस्था सांभाळते. संस्था तिथे नाव नोंदवतात आणि संस्थेसाठी धावणारी माणसं आपापल्या ओळखीपाळखीतून पैसे जमवतात. यात इंटर्नकडे येतं ते असं : धावणाऱ्यांना आठवणीचे मेल, टी-शर्टांची मापं, ड्रीम रनमध्ये, म्हणजे हौशी लोकांच्या छोट्या धावेत, धरायचे फलक, आणि त्या पहाटे डोंबिवलीहून सीएसएमटीला पोचायचं कसं याचं गणित. शिस्त मात्र तिथे शिकशील. एक ओळ बाहेर जाण्याआधी तिघांच्या नजरेखालून जाते, लोगोचा रंग कुणाच्या लहरीवर बदलत नाही. बायोडेटावर नावाचं वजन पडतं हेही मी नाकारत नाही.

तरी मी पुण्याची छोटी संस्था सुचवेन, एका अटीवर. रुजू होण्याआधी त्यांना सरळ विचार : ‘जानेवारीचा मेळावा सभागृहाच्या बुकिंगपासून शेवटच्या देणगीदाराच्या आभारपत्रापर्यंत माझ्याकडे द्याल का? डोक्यावर कुणी ज्येष्ठ असू दे, पण सगळं माझ्या वहीतून जाऊ दे.’ हो म्हणाले तर दुसरा विचार करू नकोस. ‘बघू, जसं लागेल तसं’ असं उत्तर आलं तर मुंबई बरी.

इंटर्नला तुकडे फार मिळतात. एक पोस्टर, दोन पोस्ट, एक दिवस नोंदणीच्या टेबलावर. तीन महिन्यांनी मुलाखतीत कुणी विचारलं, ‘तू काय केलंस?’ की ‘मदत केली’ यापलीकडे सांगायला काही उरत नाही. पन्नास माणसांचा का होईना, एक कार्यक्रम पहिल्या फोनपासून शेवटच्या हिशेबापर्यंत केलेली मुलगी मुलाखतीत बोलायला लागली की थांबत नाही.

पूर्ण काम म्हणजे काय ते तुझ्याच मेळाव्यावरून सांगते.

जानेवारीत पुण्यात सभागृह मिळणं हेच पहिलं दिव्य. बालगंधर्व काय, यशवंतराव काय, नाटकांच्या तारखा आणि शाळांची स्नेहसंमेलनं यांत सगळं अडकलेलं असतं. एस. एम. जोशी सभागृह किंवा कोथरूडचं गांधी भवन असल्या जागा आधी बघ. आणि भाडं विचारण्याआधी, चाकाची खुर्ची रंगमंचावर कुठून चढते ते बघ. प्रेक्षागृहापर्यंत रॅम्प असतो आणि स्टेजला मात्र पायऱ्याच, असं पुष्कळ ठिकाणी दिसेल. मग चौघांनी मुलाला खुर्चीसकट उचलायचं, सगळ्या सभागृहानं ते बघायचं आणि टाळ्या वाजवायच्या! मला तो प्रकार बघवत नाही. स्टेज सोडून दे, सगळा कार्यक्रम खाली, पहिल्या रांगेसमोर कर. पाहुण्यांनाही खालीच बसव. काही बिघडत नाही.

मुलांचा कार्यक्रम भाषणांच्या आधी. यावर वाद होईल, अध्यक्ष म्हणतील की आधी प्रास्ताविक, स्वागत, सत्कार. तू हटू नकोस. तोंडाला रंग लावून विंगेत ताटकळलेल्या मुलांना तासभर शांत बसवणं शिक्षकांनाही जमत नाही. शिवाय मुलांचं झालं की निम्मे पालक उठून जातील ही भीती असते, तीच या वादाच्या मुळाशी आहे, कुणी बोलून दाखवत नाही एवढंच. त्यावर उपाय भाषणं लहान करणं हा आहे.

बारीकसारीक गोष्टींची यादी ज्याची त्यानं करायची असते, पण एक सांगून ठेवते : दीपप्रज्वलनाच्या वेळी स्टेजवरचे पंखे बंद करायला नावानिशी एक माणूस नेम. समई, तेल, वाती, काडेपेटी सगळं असतं, पाहुणे वाकलेले असतात, आणि ज्योत काही टिकत नाही. फोटोग्राफर ताटकळलेला. हे दृश्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक सभागृहानं पाहिलंय.

फ्लेक्सचा मजकूर दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवलास की काम झालं असं समजू नकोस. पुष्कळ फ्लेक्सवाल्यांकडे अजून जुने फॉन्ट आहेत, तुझा युनिकोड मजकूर तिथे गेला की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो. प्रूफ मागव, मोठं करून बघ, आणि पाहुण्यांचं नाव त्यांच्याच पत्रावरून ताडून घे. ‘प्रमुख पाहुणे’च्या खाली चुकलेलं नाव सहा फुटी अक्षरांत तीन तास दिसत राहतं.

आता पैशाकडे ये, कारण मेळावा त्यासाठीच असतो. टेबलावर क्यूआर कोड ठेवतात, लोक स्कॅन करतात, पैसे खात्यात येतात, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी हिशेबनीस विचारतो, हे ५,००० कुणाचे? स्टेटमेंटमध्ये एक नाव आणि एक लांबलचक आकडा. पावती द्यायला पत्ता नाही, पॅन नाही. म्हणून क्यूआरच्या शेजारी वही हवी आणि वहीशेजारी माणूस हवा. नाव पॅनकार्डावर आहे तसं, पॅन, पत्ता, मोबाइल, रक्कम, व्यवहाराच्या आकड्याचे शेवटचे चार अंक. करसवलतीला संस्थांमध्ये सगळे ८०जी म्हणतात, कायदा नवा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले तरी म्हणतच राहतील. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांची यादी पॅनसकट आयकर खात्याला द्यावी लागू लागली, त्याशिवाय देणगीदाराला प्रमाणपत्र निघत नाही. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली तर सवलत नाही, हे नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्याला तोंडपाठ हवं. नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदाराला ही वजावट मिळतच नाही, म्हणून निमंत्रणात नुसतं ‘कर वाचवा’ लिहून भागत नाही. पैसे कशासाठी हवेत ते लिही.

मेळाव्यात हमखास कुणीतरी म्हणतं, ‘आमची मावशी अमेरिकेत असते, तिला क्यूआर पाठवू का?’ तिथे हसून ‘हो हो’ म्हणायचं नाही. मावशीकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे तिच्या स्वतःच्या बचतीतले, बँकेतून येणार असतील, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. मावशीनं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरतात, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी. संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसेल तर ती देणगी घेताच येत नाही, आणि असली तरी ती त्यासाठीच्या वेगळ्या खात्यातच घ्यावी लागते. तुला उत्तर देता आलं नाही तरी चालेल, ‘हिशेबनिसांशी बोलून कळवते’ एवढं म्हण आणि वहीत लिहून ठेव.

कंपन्यांना प्रायोजकत्वाची पत्रं लिहायचं कामही तुझ्याकडे येईल. ‘आपल्या सीएसआर निधीतून आमच्या मेळाव्यास साहाय्य करावे’ असं वाक्य जुन्या पत्रातून उचलून देतील. ते खोड. सीएसआर म्हणजे कंपन्यांना कायद्यानं सामाजिक कामावर करावा लागणारा खर्च. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे असे एकवेळचे कार्यक्रम सीएसआरच्या खर्चात बसत नाहीत, हे सरकारनं २०१४ सालच्या परिपत्रकातच सांगितलं. २०२१ च्या सुधारित नियमांनी जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्वही वगळलं. म्हणजे कंपनीकडून कार्यशाळेच्या वर्षभराच्या खर्चासाठी सीएसआर माग, आणि मेळाव्याच्या मांडवावर नाव हवं असेल तर त्यांच्या जाहिरात विभागाला वेगळं पत्र लिही. दोन पत्रं, दोन टेबलं. नव्या मुलीनं हा फरक केला की समोरचा माणूस सावरून बसतो.

वर्तमानपत्रांसाठी कार्यक्रमाची सूचना दोन-तीन दिवस आधी, ‘शहरात आज’सारख्या सदरात यावी म्हणून. बातमी त्याच दिवशी संध्याकाळच्या आत, पहिल्या परिच्छेदात सगळं. फोटोखाली ‘डावीकडून’ करून नावं, आणि त्या नावांत मुलांनी बनवलेल्या वस्तूंचा उल्लेख कुठेतरी घुसव, नाहीतर सत्काराच्या शालीच छापून येतात. लिखाण कसं करायचं ते शिकायचं असेल तर ‘लोकसत्ता’ गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमात दहा संस्थांची ओळख करून देतं, ते जुने लेख काढून वाच. संस्थेला पैसे नेमके कशासाठी हवेत हे कुठल्या लेखात लक्षात राहतं आणि कुठल्यात राहत नाही, एवढंच बघत जा.

आणि मग मेळाव्यानंतरचा आठवडा. मंडपवाला गेला, सगळे दमले, फोटो ग्रुपवर पडले, आणि काम संपलं असं सगळ्यांना वाटतं. हा आठवडा तू तुझ्याकडे मागून घे. आलेल्या प्रत्येकाला फोन किंवा पत्र. न आलेल्यांना त्याहून आधी. कोण आलं, कोणाबरोबर आलं, काय बोललं, कोणाला कार्यशाळा बघायला यायचंय, हे यादीत भर. पुढच्या वर्षी या संस्थेला देणगी मिळेल ती या यादीतून, व्यासपीठावरच्या भाषणातून नाही. सूत्रसंचालनाची हौस असेल तर तीही भागव, पण यादी सोडून नको.

एक हिशेब राहिला. तुझी ओजेटी १२० तासांची, म्हणजे रोज सहा तास धरले तर वीस दिवस. तीन महिने देणार असशील तर विद्यापीठ मागतं त्याहून बरंच जास्त देते आहेस, हे ध्यानात ठेवूनच कामाच्या वेळा ठरव. ओजेटीच्या तासांच्या वहीवर दर आठवड्याला वरिष्ठांची सही घे, शेवटी एकदम घ्यायला गेलीस तर ते दौऱ्यावर असतात.

मी एका मुलांच्या वसतिगृहासाठी इंटर्न म्हणून समाजमाध्यमं सांभाळतो. गेल्या आठवड्यात सचिव म्हणाले, नवीन दाखल झालेला सात वर्षांचा मुलगा आई परत जाताना रडेल, त्याचा व्हिडिओ काढ, असं काही टाकल्याशिवाय देणग्या येत नाहीत. मी मोबाइल चार्ज नाही असं सांगून टाळलं. परत सांगितलं तर काय करू? माझं चुकतंय का?
— नाव नको, अहिल्यानगर

तुमचं चुकत नाही, पण चार्जिंग रोज संपणार नाही. तेव्हा दुसरं उत्तर तयार ठेवा.

ते मूल बालकल्याण समितीमार्फत दाखल झालं असेल, म्हणजे कायद्याच्या भाषेत काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम वाचा. असं मूल ओळखू येईल अशी कुठलीही गोष्ट, नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, माध्यमांत प्रसिद्ध करायला मनाई आहे. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सचिवांशी वाद घालायचा तर या कलमानं घाला. ‘मला बरं वाटत नाही’ यावर ते तुम्हाला समजावत बसतील. ‘संस्थेवर गुन्हा दाखल होईल’ यावर ते स्वतःच वकिलाला फोन लावतील.

मूल समितीमार्फत आलेलं नसेल, गावाकडच्या गरीब घरातून शिकायला आलेलं असेल, तरीही माझं उत्तर तेच. आईची सही घेता येईल म्हणाल. पण पोराला नुकतंच सोडून निघालेली बाई समोरच्या कागदाला नाही म्हणेल का? दाखला हातात यायचाय, जागा मिळायची आहे, अशा वेळची सही म्हणजे परवानगी नव्हे. परवानगी घ्यायचीच तर महिना-दोन महिन्यांनी, मराठीत लिहिलेल्या कागदावर, कुठे टाकणार ते सांगून, आणि नंतर नको वाटलं तर काढून टाकू हे लिहून. मुलालाही विचारा. तो पोरगा सातवीत गेल्यावर वर्गातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर हे सापडणार आहे.

सचिवांचं एक म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. रडतं मूल दाखवलं की पैसे येतात. येतात खरे. पण मी पाहिलेले बहुतेक तसे देणगीदार एकदाच देतात. दर जूनला न चुकता चेक पाठवणारी जी माणसं असतात, निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, एखादा किराणा दुकानदार, ती विचारतात की यंदा दहावीला किती बसली, पाण्याच्या टाकीचं काय झालं. त्यांच्यासाठी काढा. पहाटेचं स्वयंपाकघर काढा, भाकऱ्यांची चळत, पीठ मळणारे हात, फळ्यावर खडूनं लिहिलेला आजचा आकडा : इतकी मुलं, इतकं दूध. गादीखाली घडी करून ठेवलेला गणवेश काढा. अभ्यासिकेतल्या पाठमोऱ्या ओळी काढा. स्वयंपाकाच्या मावशींना बोलतं करा, कुणाला भात लागतो, कुणाला भाकरी, हे त्या सांगतील तसं कुणी संहितालेखक लिहू शकत नाही. मोठ्या मुलांना विचारा, तुमच्या वसतिगृहातलं काय दाखवू? ते बहुतेक कबड्डीचं मैदान दाखवतील.

असा एक व्हिडिओ आधीच करून ठेवा आणि सचिवांनी परत विषय काढला की तोच पुढे करा. नकारासोबत हातात काहीतरी असलं की भांडण निम्मं होतं. तरी ऐकलं नाही, तर संस्थेच्या अध्यक्षांना एक साधा मेल, कलमाचा क्रमांक घालून. त्यातून इंटर्नशिप गेली तर जाऊ दे.

माझी मुलगी पदवीधर आहे. एका संस्थेत तीन महिने फुकट काम करते. कार्यक्रम असला की रात्री अकराला घरी येते. समाजसेवेला माझा विरोध नाही, पण हे शोषण नव्हे का?
— एक पालक, कोल्हापूर

काही प्रमाणात आहे. संस्थांकडे पैसा नसतो हे खरं, तिथल्या कायम माणसांचे पगार ऐकलेत तर तुम्हीच त्यांना चहा पाजाल. पण मेळाव्यात फुलांच्या सजावटीला पैसे निघत असतील आणि इंटर्नच्या रिक्षाला निघत नसतील, तर तो गरिबीचा प्रश्न राहत नाही. एक माप देते. राज्य सरकारनं २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली तेव्हा पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. संस्था तेवढे देणार नाही, मान्य. प्रवास, जेवण आणि उशीर झाल्यास घरापर्यंत सोडणं एवढं मात्र मुलीनं मागायलाच हवं, आणि मागताना अपराधी वाटून घेऊ नये. उघड्यावरचा ध्वनिक्षेपक एरवी रात्री दहाला बंद करावा लागतो, तेव्हा अकरापर्यंत थांबून काय चालतं हेही तिला विचारा. बहुतेक सामानाची आवराआवर असेल, आणि ती सकाळी करता येते. गोळा झालेली रोकड घेऊन तिनं एकटीनं कुठेही जायचं नाही, हा नियम तुम्हीच घालून द्या.

आणखी एक गोष्ट पालकांना ठाऊक नसते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बिनपगारी स्वयंसेवक आणि प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे, आणि विश्वस्त संस्थाही त्यात येतात. दहा किंवा अधिक माणसं असतील तर संस्थेत अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. समितीत कोण आहे हे मुलीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं तर कुणाला वावगं वाटायचं कारण नाही. ज्यांना वाटेल त्यांची नोंद घ्या.

आमच्या संस्थेत दर वर्षी इंटर्न येतात. फोटो काढतात, पेज सुरू करतात, जातात. आता फेसबुकच्या पानाचा पासवर्ड कुणाकडे आहे तेही कळत नाही. इंटर्न घेणं बंद करावं असं कार्यकारिणीत ठरतंय.
— सचिव, नाशिक

बंद करू नका, पण पान कुणाच्या फेसबुक खात्यावरून उघडलं होतं ते आधी शोधा. गेल्या दोन-तीन इंटर्नना फोन करा, पोरं लाजत का होईना देतात. यापुढे प्रत्येक खातं संस्थेच्या मेलवर आणि संस्थेच्या मोबाइल क्रमांकावर, आणि मालकी ऑफिसातल्या दोन कायम माणसांकडे. इंटर्नला फक्त संपादनाचा अधिकार, तोही शेवटच्या दिवशी काढून घ्यायचा.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘त्यांना आम्ही पडेल ते काम देतो’. दुखणं तिथे आहे. वर बार्शीच्या मुलीला जे सांगितलं तेच तुम्हालाही : एक लहानसं, आख्खं काम द्या. वार्तापत्राचा एक अंक. एक रक्तदान शिबिर. देणगीदारांच्या जुन्या वह्या एका तक्त्यात आणणं, हे तर कुणी करत नाही आणि सगळ्यांना हवं असतं. तीन महिन्यांत संपेल एवढंच द्या, आणि कुणाला विचारायचं त्या एका माणसाचं नाव सांगा. पाच जण पाच कामं सांगतात तिथे मुलं फोटोच काढत बसतात, त्यात निदान काहीतरी झाल्यासारखं दिसतं.

जाण्याआधी इंटर्न मुलीकडून तीन पानं लिहून घ्या : मंडपवाला, छापखाना, बातमीदार यांचे क्रमांक, कशाला किती लागले, आणि पुढच्यानं काय करू नये. त्याबदल्यात प्रमाणपत्रावर ‘उत्साही व होतकरू’ असं छापील काही न लिहिता तिनं कुठलं काम पूर्ण केलं ते लिहा, तारखांसकट. तो कागद तिला उपयोगी पडतो, आणि पुढच्या वर्षी ती तुम्हाला कॉलेजातली दुसरी मुलगी स्वतः पाठवते.